एमसीबी असताना आरसीसीबी कशाला, म्हणे!

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या आत्यांनी परवा बोर्डातला आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) काढण्यासाठी वायरमनला बोलावले, कारण त्यांना मोबाइलवर एक संदेश आला होता. एमसीबी (जादा प्रवाह वाहिला की पडणारा स्विच) पुरेसा आहे, अर्थिंग असले की आणखी काही लागत नाही, आरसीसीबी विनाकारण ट्रिप होतो, हे कंपन्यांनी माथी मारलेले खूळ आहे आणि रबरी चप्पल घातली की शॉक लागत नाही, असे त्यात ठासून लिहिले होते.

यातले पहिले विधान जिवावर बेतणारे आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. नळाला पाणी आले की आत्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून, टेप गुंडाळलेल्या वायरची मोटार लावतात. भिजलेल्या शरीराचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून पाव अँपिअरहून कमी प्रवाह जाईल. तेवढ्याने हृदय बंद पडू शकते, पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या ते गावीही नसते. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतो, आणि ३० मिलिअँपिअरची तफावत पडली की ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडतो.

हे खूळ असेल तर ते प्रयोगशाळेतले आहे. बर्कलेच्या विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांच्या हाती तार देऊन किती प्रवाहापर्यंत मूठ सोडवता येते ते मोजले: पुरुषांत सरासरी सुमारे १६, स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर. त्यापुढे स्नायू आखडतात, ज्याला आपण ‘करंटने धरून ठेवले’ म्हणतो. ५ मिलिअँपिअरला वीज तोडणारे उपकरणही त्यांनीच १९६१ मध्ये तयार केले.

अर्थिंग हवेच, एवढे मान्य. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून त्याचा रोध २० ओहमवर गेला, तर कूलरच्या पत्र्यात उतरलेल्या फेजमधून साडेअकरा अँपिअरच वाहतील आणि एमसीबी पडणारच नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले, तर आरसीसीबीही वाचवत नाही. ही त्याची खरी उणीव, जी त्या संदेशात नाही. चपलेबद्दल काय बोलावे? मोटार लावताना ती उंबऱ्याबाहेर असते.

आरसीसीबी ट्रिप होतो हेही खरे, आणि त्याचा वैतागही येतो. म्हणून आलेल्या वायरमनकडून गळती शोधून घेतली: कूलरच्या पंपाची वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती.