६० मतांशिवाय सिनेटमध्ये काहीच होत नाही? चूक

‘अमेरिकेच्या सिनेटमध्ये (संसदेच्या १०० सदस्यांच्या वरिष्ठ सभागृहात) ६० मतं नसतील तर बहुमतवाला पक्ष हतबल,’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे. ६० मतं लागतात ती चर्चा थांबवायला. मंजुरीला साधं बहुमत पुरतं. शिवाय १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्यातल्या ‘रिकन्सिलिएशन’मध्ये (अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकांसाठीच्या खास पद्धतीत) चर्चेला २० तासांचीच मर्यादा, त्यामुळे भाषणं लांबवून विधेयक अडवता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये याच वाटेने आलेल्या महागाई कपात कायद्यावर ५०-५० अशी बरोबरी झाली आणि तो तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मतावर मंजूर झाला. पण ही वाट कर, खर्च आणि कर्जमर्यादेपुरतीच. २०२१ मध्ये किमान वेतन १५ डॉलर करण्याची तरतूद सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी नियमबाह्य ठरवली आणि ती गळली, याची खंत वाटते. नेमणुकांवरची ६० ची अट मात्र २०१३ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी २०१७ मध्ये, साध्या बहुमतानेच काढली गेली.