कल्चर करू देऊ नका म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

मंगळवारी रात्री अकरा वाजता मावशीचा फोन आला. "काहून वं, हे लोक मावसाजींचं रक्त काढतो म्हणून राहिले. काढू द्यायचं का नाही?" मावसाजींना त्याच संध्याकाळी काटोलहून धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात आणलं होतं. पंधरा दिवसांपासून लघवीची नळी, १०३ ताप, थंडी वाजून हुडहुडी, बीपी उतरलेलं. अशा माणसाचं रक्त काढायचं की नाही, हा प्रश्न पडतोच कसा? तर मावसभावाच्या फोनवर एक मेसेज आला होता आणि तो वाचून त्याने नर्सला नाही म्हणून सही देऊन टाकली होती. मी त्याला समजावेपर्यंत अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेलेला होता.

तो मेसेज एव्हाना आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: कल्चर, म्हणजे रक्तातला-लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी, हा बिल वाढवायचा धंदा, करू देऊ नका. पहिल्याच दिवशी सर्वात भारी अँटिबायोटिक मागा. जंतू 'रेझिस्टंट', म्हणजे औषधाला दाद न देणारा, म्हणून रोग्याला वेगळं ठेवतात ते खोलीचं भाडं लावायला. ज्याने आयुष्यात फार गोळ्या खाल्ल्या नाहीत त्याला रेझिस्टन्स होत नाही. सुपरबग, म्हणजे पुष्कळ औषधांना न जुमानणारे जंतू, ही भारताच्या बदनामीसाठी परदेशात रचलेली गोष्ट. आणि शेवटी हळदीचा काढा.

मी चौदा वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रोज सकाळी जंतू वाढवलेल्या प्लेटी वाचते. म्हणून हे लिहिते आहे.

"रिपोर्ट तीन दिवसांनी येतो, तोवर रोगी बरा होतो नाहीतर जातो." सगळ्यात जास्त नुकसान मेसेजमधल्या याच ओळीने होतं, कारण ती वाचणाऱ्याला वाटतं की रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर औषध रोखून बसतात. इतक्या आजारी माणसाच्या बाबतीत तसं नसतं. आधी रक्त घ्यायचं आणि लगेच औषध सुरू करायचं, असा क्रम आहे. बीपी कोसळलेलं असेल तर औषध तासाभरात जायलाच हवं. दोन वेगळ्या जागांवरून रक्त घ्यायला पाच-दहा मिनिटं लागतात. मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिली. दोन जागा अशासाठी की कातडीवरचे निरुपद्रवी जंतू सुईबरोबर एका बाटलीत आले तर ते ओळखता यावेत.

बाटली मशीनमध्ये जाते. आत जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटलीच्या बुडाचा सेन्सर ते टिपतो आणि मशीन वाजतं. पुष्कळदा हे पहिल्या चोवीस तासांतच होतं. त्याच तासाला आम्ही जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, त्याला ग्रॅम स्टेन म्हणतात, आणि वॉर्डला फोन लावतो: लाल दांडके दिसताहेत की जांभळे गोळे. तेवढ्यावरसुद्धा डॉक्टर औषध बदलू शकतात. मग प्लेटवर वाढ, जंतूची ओळख, त्यानंतर कुठलं औषध चालतं याची सेन्सिटिव्हिटी. पूर्ण कागद हातात यायला दोन-तीन दिवस लागतात, हे खरं आहे. पण ते दिवस कोणी गप्प बसून घालवत नाही.

औषधाचा डोस गेल्यावर घेतलेल्या रक्तात मात्र जंतू पुष्कळदा अर्धमेले असतात, बाटलीत वाढत नाहीत. मावसाजींचं तसंच झालं. बुधवारी सकाळी रक्त घेतलं, रिपोर्ट 'नो ग्रोथ'. ताप तसाच. शेवटी नळी बदलून नव्या नळीतून घेतलेल्या लघवीत शुक्रवारी क्लेबसिएला नावाचा जंतू सापडला, तोही कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिक गटाला दाद न देणारा. तो मंगळवारच्या रक्तात मिळाला असता तर दिशा दोन दिवस आधी कळली असती.

आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही. पहिल्या रात्रीचं औषध डॉक्टर कशावरून ठरवतात? आधी त्याच खाटांवर झोपलेल्या लोकांच्या कल्चरवरून. चांगल्या हॉस्पिटलात वर्षभराचे रिपोर्ट जमवून एक तक्ता केला जातो, त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. आपल्या आयसीयूत कुठला जंतू किती वेळा सापडला आणि कुठल्या औषधाला शंभरातले किती दबले, हे त्यात असतं. एका रोग्याचा एका जातीचा पहिलाच जंतू धरतात, नाहीतर एकाच माणसाचे दहा रिपोर्ट आकडा फिरवतील. तुम्ही कल्चर नाकारलं की तुमच्या माणसापुरती माहिती तर जातेच, शिवाय पुढच्या महिन्यात भंडारा-गडचिरोलीहून येणाऱ्या कुणाच्या तरी पहिल्या डोसचा आधारही जातो.

देशाचा तक्ताही असाच बनतो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने २०१३ साली मोठ्या हॉस्पिटलांचं जाळं उभारलं. आपल्या शेजारचं, सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालयही त्यात आहे. त्यांच्या २०२३ च्या अहवालातला एकच आकडा सांगते. इमिपेनेमला (हे कार्बापेनेम गटातलंच) दबणारे क्लेबसिएला २०१७ मध्ये शंभरात ५८ च्या आसपास होते, २०२३ मध्ये ते ३६ वर आले. हे जाळं मोठ्या हॉस्पिटलांचं आहे, तिथे आधीच पुष्कळ औषधं खाऊन आलेले रोगी येतात, त्यामुळे गावातल्या साध्या तापाला हा आकडा लावू नये. पण आयसीयूतल्या माणसाच्या घरच्यांनी तो वाचावाच.

"सर्वात भारी अँटिबायोटिक मागा." भारी म्हणजे कुठलं? व्हँकोमायसिन भारी म्हणतात, पण क्लेबसिएलाला त्याने काहीही होत नाही. मेरोपेनेम भारी म्हणतात, ते एमआरएसए या दुसऱ्या रेझिस्टंट जंतूवर चालत नाही. कोलिस्टिनला तर शेवटचं अस्त्र म्हणतात. नळीवाल्या रोग्यांच्या लघवीत नेहमी दिसणारा प्रोटियस हा जंतू त्याला जन्मजातच जुमानत नाही, आणि मूत्रपिंडाला इजा होते ती वेगळी. त्या इजेमुळेच हे औषध १९७० च्या दशकात जवळजवळ बाजूला पडलं होतं. दुसरं काही उरलं नाही म्हणून परत काढावं लागलं. कुलूप न बघता सगळ्यात मोठी किल्ली मागण्यासारखं आहे हे. उलट रिपोर्टमध्ये साधं, स्वस्त औषध चालतं असं दिसलं तर डॉक्टर महागडं थांबवून तेच देतात. बिलाची काळजी असणाऱ्याने तर कल्चर मागून घ्यायला हवं.

"वेगळी खोली भाड्यासाठी." हे जंतू हवेतून उडून येत नाहीत. हातावरून, स्टेथोस्कोपवरून, बेडच्या कठड्यावरून, बेसिनच्या मोरीतून जातात. अमेरिकेत बेथेस्डाच्या सरकारी संशोधन हॉस्पिटलात २०११ साली एक रुग्ण असाच क्लेबसिएला घेऊन आली. काळजी घेतली, ती घरी गेली, आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तोच जंतू निघाला. पुढे तो १८ जणांपर्यंत पोचला. त्यातले ११ दगावले, त्यापैकी ६ जण त्या जंतूमुळेच. जंतूंचे जनुक एकमेकांशी ताडून कुणाकडून कुणाकडे गेला हे तिथे शोधलं, तेव्हा तो मोऱ्यांत आणि स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही सापडला. जगातल्या सर्वात साधनसंपन्न हॉस्पिटलांपैकी एकाची ही गत झाली. आपल्याकडे इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर वही घेऊन फिरते, कुठल्या बेडला कितवा दिवस नळी आहे ते लिहिते, एका आठवड्यात सारख्या नमुन्याचे दोन जंतू दिसले की लॅबला फोन करते. तिला "पुन्हा काय आलीस" म्हणू नका.

"गोळ्या न खाणाऱ्याला होत नाही." रेझिस्टन्स शरीराला येत नाही, जंतूला येतो. आणि एक जंतू रेझिस्टन्सचा जनुक शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. मावसाजींनी आयुष्यात क्रोसिनशिवाय फारसं काही घेतलेलं नाही.

बदनामीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णात २००८ साली कार्बापेनेम निकामी करणारा एक जनुक सापडला आणि त्याला नवी दिल्लीचं नाव दिलं, एनडीएम. भारताने त्यावर आक्षेप घेतला, तो समजण्यासारखा होता. पण अशाच दुसऱ्या जनुकांना इटलीतल्या व्हेरोनाचं आणि ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं नाव आहे. आणि नाव चुकलं म्हणून जनुक खोटा ठरत नाही. मावसाजींच्या रिपोर्टवर तोच आहे, एनडीएम.

हळद भाजीत असू द्या. प्लेटवर तिचा अर्क काही जंतूंना रोखतो, पण काढा पिऊन रक्तात तेवढी मात्रा पोचत नाही.

बिलाचं एक मात्र मान्य करते. गरज नसताना पाठवलेली कल्चरं मी रोज बघते. काढून टाकलेल्या नळीचं टोक, दोन दिवस साचलेल्या पिशवीतली लघवी. त्यात काही ना काही उगवतंच. ताप नाही, त्रास नाही, तरी त्या उगवण्यावर अँटिबायोटिक सुरू होतं. हे चुकीचं आहे, आणि याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं: नमुना कुठून घेतला, औषधाआधी घेतला का, हा जंतू खरोखर आजाराचा आहे की नुसता बसलेला? असं विचारणं वेगळं आणि नाही म्हणून सही देणं वेगळं.

मावसाजींना आता दोन औषधं जोडीने चालू आहेत. काल पहिल्यांदा ताप शंभराच्या खाली आला. वेगळ्या खोलीत आहेत, मावशी दारात हात धुऊनच आत जाते. मावसभावाने तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकला होता तिथे हे पाठवायचं कबूल केलं आहे. त्या रिपोर्टची झेरॉक्स मी फायलीत सगळ्यात वर लावली आहे. काटोलला परत नेल्यावर पुन्हा कधी ताप आला आणि दुसऱ्या दवाखान्यात दाखवावं लागलं, तर डिस्चार्ज कार्डाच्या आधी हा कागद डॉक्टरांच्या हातात द्यायचा, असं मावशीला दोनदा म्हणवून घेतलं.