एकनिष्ठ फोन कसा घडवावा

घरात दोन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, लावलेत? छान. आता फोन बेडरूममध्ये नेला तरी त्याने हॉलमधल्या राउटरचाच पदर धरून बसावं, उशाशी लावलेल्या पॉइंटकडे ढुंकूनही पाहू नये, अशी इच्छा असेल तर पुढची पथ्यं पाळा.

आधी नावं. 'घर', 'घर ५जी', 'घर वरचा मजला', 'घर वरचा मजला नवीन'. नावं निराळी असली की फोनच्या लेखी ती परकी नेटवर्क. पहिलं पार धापा टाकेपर्यंत तो दुसऱ्याकडे जात नाही. सगळीकडे एकच नाव ठेवायचा मोह झालाच, तर निदान पासवर्डात एका अक्षराचा फरक ठेवा.

मग पॉवर. सगळीकडे 'हाय', यात तडजोड नाही. कारण कधी हलायचं हे राउटर ठरवत नाही, फोन ठरवतो. आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नल मोजायचं एकक; उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) खाली घसरल्याशिवाय दुसरा पॉइंट शोधायलाच लागत नाही. सापडलेला पॉइंटही डेटा चालू असताना निदान ८ डीबीने सरस लागतो, फोन नुसता पडून असेल तर १२ डीबीने. तेव्हा घराच्या कुठल्याही कोपऱ्यात जुना सिग्नल उणे ६८ च्या खाली उतरू देऊ नका. वायफायच्या लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून जास्त सहज जातं, म्हणून त्याची पॉवर ५ गिगाहर्ट्झपेक्षा सहाएक डीबीने कमी ठेवा असं जाणकार सांगतात. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. राउटर ओरडतो ते फोनला ऐकू येतं. फोनचा क्षीण आवाज राउटरपर्यंत पोचत नाही. कांड्या तीन, आणि मेसेजपुढे घड्याळ फिरतंय. हेच तर हवं होतं.

चॅनलमध्ये कल्पकता दाखवा. २.४ वर एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनलं १, ६ आणि ११ एवढीच, म्हणून एका पॉइंटला ३ द्या, दुसऱ्याला ५. रुंदी ४० मेगाहर्ट्झ.

दुसरा पॉइंट म्हणजे जुना राउटरच असेल तर केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात खोचा आणि डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायची सोय, चालूच ठेवा. फोन चुकून तिकडे गेलाच तर त्याला नवा पत्ता मिळेल, चालू कॉल तुटेल आणि हॉलमधला प्रिंटर दिसेनासा होईल. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' नावाचं बटण असतं. त्याला हात लावू नका.

पॉइंट बदलायला फोनला मदत करणाऱ्या ८०२.११ के, व्ही आणि आर या वायफाय मानकांचं काय? के शेजारच्या पॉइंटांची यादी फोनला देतं, व्ही 'तिकडे जा ना' असं सुचवतं, आर नव्या पॉइंटवरची ओळखपरेड आटोपशीर करतं. तिन्ही एकदम चालू करा. आरमुळे एखादं जुनं उपकरण जोडलं गेलं नाही की तिन्ही एकदम बंद करा. के आणि व्हीने काही बिघडवलेलं नसतं, पण शेजारधर्म म्हणून तेही जावेत.

फोनचा सिग्नल ठरावीक मर्यादेखाली गेला की त्याला हाकलायची सोय काही पॉइंटांत असते. मर्यादा उणे ७५ च्या आसपास असली की ती कामी येते, म्हणून उणे ५५ ठेवा. सोफ्यावरचा फोनही बाहेर पडेल, पुन्हा तिथेच येईल, पुन्हा बाहेर.

इतकं करूनही बेडरूममध्ये व्हिडिओ अडलाच, तर फोनचं वायफाय बंद करून चालू करा. तो झटक्यात उशाशी असलेला पॉइंट धरेल. मग त्याला घेऊन हॉलमध्ये या: आता तो बेडरूमला चिकटलेला असेल.