पहिली रायफल, तीही बजेटात

छर्र्यांची एअर रायफल घ्यायची म्हणताय? घ्याच. घरात ट्रेडमिल आहे, त्यावर टॉवेल वाळतायत. ड्रोन आहे, तो माळ्यावर आहे. एअर फ्रायर आहे, त्यात बिस्किटांचे पुडे राहतात. उणीव होती ती रायफलीचीच.

आणि मुहूर्तही टळलेला नाही. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक घेतलं आणि तेव्हापासून आमच्या भागात ज्याच्या घराला गच्ची आहे तो प्रत्येक जण होऊ घातलेला ऑलिंपियन आहे. आता स्वप्निलने ते पदक ५० मीटरवर, पॉइंट टू टू रायफलीने, गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून असं तिन्ही स्थितींत घेतलं. त्या रायफलीला शस्त्रपरवाना लागतो. त्याआधी क्रीडा प्रबोधिनीपासून कितीतरी वर्षं रोजची घासाघीस आहे. असल्या बारीकसारीक गोष्टींत आपण शिरायचं नाही. आपल्याकडे गच्ची आहे.

तर पहिली गोष्ट बजेटची. जेवढे पैसे असतील तेवढे सगळे बंदुकीवर घाला. छर्रे अडवायची पेटी, डोळ्यांवर चष्मा, छापील टार्गेट यांवर रुपया घालवू नका. जिल्ह्याच्या रायफल क्लबचं सभासदत्व तर मुळीच नको. तिथे गेलात तर एखादा चिकट कोच म्हणेल, "आधी क्लबची रायफल वापरा, सहा महिन्यांनी बघू विकत घ्यायची का." म्हणजे दोन-अडीच लाखांची जर्मन रायफल तुमच्या हातात नुसत्या फीच्या पैशांत येणार! त्यात कसला आनंद? आनंद स्वतःच्या मालकीची, स्टेटसला ठेवता येईल अशी बंदूक घेण्यात आहे.

दुकानदार काय म्हणेल त्यावर पूर्ण विश्वास ठेवा. तो ओळखपत्राची झेरॉक्स घेईल आणि दोन वाक्यं बोलेल: "साहेब, याला लायसन्स लागत नाही" आणि "साहेब, हजार एफपीएस", म्हणजे सेकंदाला हजार फूट. दोन्ही वाक्यं ऐकून घ्या, गणित मात्र करू नका. मी करून बसलो. परवाना लागत नाही तो ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंची नळीच्या एअर रायफलीला, आणि तेही तिची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर. साधा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. तो सेकंदाला हजार फुटांनी, म्हणजे ३०५ मीटरने सुटला तर ऊर्जा होते २३ ज्यूल. बाराशे एफपीएसला ३३. म्हणजे एक तर जाहिरात खोटी, किंवा कुठल्यातरी पिसाएवढ्या हलक्या छर्र्यावर मोजलेली, किंवा तुमच्या हातातली वस्तू बिनपरवाना शस्त्र. यातलं काय खरं ते दुकानदाराला विचारून त्याचा दिवस खराब करू नका. आणि हेही विचारू नका की दहा मीटरच्या जागतिक स्पर्धेतली रायफल जेमतेम पावणेसहाशे एफपीएसची, सात-आठ ज्यूलची का असते. त्या लोकांना वेगाची हौस नसावी.

छर्रे सगळ्यात स्वस्तातले घ्या. खराब झाली तर नळी तुमचीच आहे.

सोबत आलेलं माहितीपत्रक खोक्यातच राहू द्या. वाचायचं कशाला, मित्राने बघितलेला व्हिडिओ आहे ना.

आता सजावट. नुसती लाकडी दस्त्याची बंदूक म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची वाटते, तेव्हा ऑनलाइन मागवता येईल ते सगळं मागवा. खाली दोन पायांचा स्टँड, बाजूला लेझर, जमलं तर टॉर्च, दस्त्याला जंगलछाप स्टिकर, आणि वर अर्ध्या हाताची दुर्बीण. स्प्रिंगच्या बंदुकीत, म्हणजे जिच्यात स्प्रिंगने ढकललेला पिस्टन हवा दाबून छर्रा सोडतो तिच्यात, धक्का दोनदा बसतो, आधी मागं आणि मग पिस्टन पुढं आदळला की पुढं. त्या उलट्या धक्क्याने साध्या दुर्बिणीचं पोट आतून सुटतं. चांगल्या मोठ्या रायफलीची दुर्बीण असली तरी सुटतं. शिवाय त्यातल्या बऱ्याच शंभर यार्डांना जुळवलेल्या असतात, दहा मीटरवरचं टार्गेट त्यांत धुक्यातून दिसतं आणि डोळा जरा हलला की नेमाची फुलीही हलते. स्टँडचं तर विचारूच नका. स्प्रिंगची बंदूक हातात सैलसर, दरवेळी एकाच पद्धतीने धरली तरच एका जागी मारते. कडक टेकू दिला की छर्रा भलतीकडे. पण फोटो काय येतो! बंदुकीपेक्षा सजावट महाग झाली की समजा, जमलं.

तेल भरपूर सोडा. कुठलंही चालेल, अगदी देवघरातलंसुद्धा. पिस्टनपुढची हवा दाबली जाताना इतकी तापते की तेल आतल्या आत पेटतं, फाट् असा आवाज होतो आणि नळीतून धूर येतो. पाहुणे खूश. सील जळतं आणि स्प्रिंग तुटते ते नंतर, पाहुणे गेल्यावर.

पाहुण्यांवरून आठवलं. "रिकामी आहे रे" असं म्हणत ती आळीपाळीने सगळ्यांच्या हातात द्या. सगळ्यात लहान भाच्यापासून सुरुवात करा. छर्र्याशिवाय चाप ओढला की पिस्टनला पुढं हवेची गादी राहत नाही आणि तो थेट लोखंडावर आपटतो, हे भाच्याला कशाला सांगायचं? त्याला मजा येतेय.

राहता राहिली जागा. नेम धरायला जागा कशी निवडावी हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, तेव्हा नीट लक्ष द्या. उत्तम जागा म्हणजे तुमची गच्ची. तिथे टार्गेट म्हणून कठड्यावर बाटली ठेवा. बाटलीमागे काय आहे ते बघू नका, कारण बाटलीमागे आकाश आहे आणि आकाश कोणाच्या बापाचं नाही. कठड्यापलीकडे, दोन बंगले सोडून, एक गृहस्थ राहतात. त्यांच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे. हा गृहस्थ मी. सकाळी सात वाजता माझ्या घरात नळ सोडला तर गरम येईना, थंडही येईना, नुसतं गुरगुर. वर गेलो तर गच्चीभर पाणी, जिन्यातून ओघळ, आणि टाकी ठणठणीत रिकामी. सोलरची एक नळी मधोमध फुटलेली. ज्यांच्याकडे हा सोलर आहे त्यांना ठाऊक असेल, या नळ्या थेट टाकीला जोडलेल्या असतात, एक फुटली की अख्खी टाकी त्या भोकातून रिकामी होते. शेजारची नळी फुटली नव्हती, पण बाहेरच्या काचेला बारीकशी चीर होती आणि टोकाशी जो चांदीसारखा पट्टा असतो तो दुधाळ पांढरा पडला होता. म्हणजे आतली निर्वात पोकळी गेली, तीही कामातून गेली. स्लॅबच्या कोपऱ्यात, डांबराच्या पट्टीत, एक चपटा झालेला छर्रा. छर्र्याची मधली बारीक कंबर अजून ओळखू येत होती.

म्हटलं, पोरं असतील. वयाने लहान, समज नसते. गेलो. पोरगं होतंच, पण शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात चहाचा कप घेऊन, वडील बसले होते. कोचिंग चाललं होतं. मी छर्रा तळहातावर ठेवून दाखवला. ते म्हणाले, "आमचाच कशावरून?" मी म्हटलं, या गल्लीत दुसरी बंदूक कोणाकडे आहे? त्यावर म्हणाले, "अहो, तो कबुतरावर मारत होता. तुमच्या नळीवर नाही." हे त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. माझा गैरसमज दूर करत होते! आणि वर, "उद्या मेडल आणलं तर हार घेऊन पहिले तुम्हीच याल."

कबुतरावर मारत होता. हो का? आणि परवा त्या आंब्यावरचे पोपट कुठे गेले? दुधाच्या दुकानापुढचं काळं कुत्रं मागचा पाय उचलून चालतंय, ते कशाने? त्याच्या मांडीतल्या जखमेचं तोंड हरभऱ्याएवढं आहे, मी बघितलंय, औषध मारायला गेलो तर गुरगुरलं. त्याने गुरगुरावंच. माणूस जवळ आला की काय होतं ते त्याला कळलंय.

मी चौकीतही जाऊन आलो. तिथे काय सांगितलं असेल ते तुम्हाला माहीत आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो, त्यांनी काय सांगितलं तेही तुम्हाला माहीत आहे. आपसात मिटवा.

तेव्हा आता सल्ला बास. सरळ बोलतो, त्या खुर्चीतल्या वडिलांशी.

लायसन्स लागत नाही याचा अर्थ फक्त लायसन्स लागत नाही. वाटेल तिथे, वाटेल त्यावर मारायची मुभा कोणी दिलेली नाही. पोपट, बुलबुल, भारद्वाज यांना टिपणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, बंदूक खेळण्यातली असो की खरी. कुत्र्याला जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमाखाली गुन्हा आहे. दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असं बेफिकीर वागणं, त्याला १२५ आहे. वरच्या कोनात सुटलेला छर्रा दोन-तीनशे मीटर सहज जातो. तुमच्या गच्चीपासून दोनशे मीटरच्या आत बालवाडी आहे, तिचं पटांगण उघडं आहे, आणि डोळ्याला भोक पाडायला छर्र्याला फार वेग लागत नाही. काचेच्या नळीचं बिल भरता येतं हो. डोळ्याचं कोण भरणार?

आणि मेडलची भाषा माझ्यापुढे करू नका, रेंजवर मी दर रविवारी असतो. मेडल कसं मिळतं ते तिथे येऊन बघा. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पात्रता फेरीत तसल्या ठिपक्यावर साठ वेळा मारायचं, सव्वा तासात, उभं राहून, आणि दशांशात मोजणार, एका छर्र्याला जास्तीत जास्त १०.९. ६५४ पैकी ६३० झाले तरी फायनल नक्की असं नाही. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटरचा विश्वविजेता झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला विश्वविजेती झाली. अशा माणसांच्या रायफलीतसुद्धा नेम धरायची वेळ येईपर्यंत नारिंगी दोरी घातलेली असते, नळी रिकामी आहे हे लांबून कोणालाही दिसावं म्हणून. 'स्टॉप' म्हटलं की विश्वविजेता असला तरी बोट चापावरून बाहेर. फायरिंग लाइनच्या पुढे एक माणूस असेल तर अख्खी रेंज हात बांधून उभी. तुमच्या गच्चीवर 'स्टॉप' कोण म्हणतं? चहाचा कप?

आपल्याकडे नेमबाजी नवीन नाही. देशाची रायफल संघटना १९५१ मध्ये उभी केली ती गणेश वासुदेव मावळणकरांनी, लोकसभेचे पहिले अध्यक्ष होते ते. त्यांच्या नावाने स्पर्धा होते, पोराला तिथपर्यंत न्यायचं बघा. वरळीला रेंज आहे, बालेवाडीला आहे, आपल्या जिल्ह्यातही आहे. सुरक्षेचा वर्ग पहिल्याच दिवशी घेतात.

घरीच सराव करायचा असेल तर तोही करता येतो, आणि तो फुकट आहे. भिंतीवर छोटा काळा ठिपका काढायचा आणि रिकामी रायफल खांद्याला लावून नुसतं उभं राहायचं, श्वास सोडताना फुली कुठे जाते ते बघत. मोठमोठे नेमबाज हे तासन्‌तास करतात. छर्रेच मारायचे असतील तर जाड लाकडी खोक्यात रद्दी दाबून भरा, पाठीमागे लोखंडी पत्रा ठोका, आणि ते बंद भिंतीला लावा, जिच्यात दार नाही, खिडकी नाही, जिच्यापलीकडे कोणी राहत नाही. अशी दहा मीटरची जागा घरात नसेल तर मारू नका. नसली जागा तर नसली. सगळ्यांच्या घरात सगळं असतं का? छर्रे हाताळल्यावर पोराला हात धुवायला लावा, शिसं आहे ते. वापर झाला की बंदूक कपाटात, कुलूप लावून, छर्रे वेगळ्या खणात.

पोराचा हात स्थिर आहे, खरं सांगतो. मी तिथे उभा असताना बघितलं, खांदा वर येत नाही त्याचा. म्हणून तर जास्त चिडलोय. रविवारी सकाळी साडेसातला त्याला रेंजवर आणा. मी नाव घालून देतो. बंदूक आणायची गरज नाही, आणायचीच असेल तर कव्हरमध्ये घालून आणा; त्या दिवशी चौकातून स्कूटरवर मांडीवर उघडी घेऊन निघाला होतात तशी नको. आणि येताना दोन नळ्यांचे पैसे आणा.