चौथ्या महिन्यातच हप्ता आला, त्याचं काय?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, कबूल करते. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसले, तेव्हा कळलं की निम्मी चूक माझीच आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी सांगितलं होतं की वर्षातून एकदा-दोनदा येणारे मोठे खर्च मांडा, बेरजेला १२ ने भागा आणि तेवढे पैसे दरमहा वेगळ्या कप्प्यांत टाका. तुम्ही तसं केलंत. चौथ्या महिन्यात विम्याचा हप्ता आला आणि त्याच्या कप्प्यात जेमतेम एक तृतीयांश रक्कम निघाली. उरलेले पैसे क्रेडिट कार्डावर गेले. शिवाय तुमचं म्हणणं असं, की पैसा शेवटी एकच, त्याचे कप्पे पाडणं ही स्वतःची फसवणूक आहे. आणि खर्च लिहायला लागल्यापासून घरात धुसफूस वाढली ती वेगळीच.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. १२ ने भागणं दुसऱ्या वर्षापासून चालतं. पहिल्या वर्षी भागायचं ते हप्त्याला जितके महिने उरलेत तितक्यांनी. हप्ता १२ भागांचा धरा. तो ४ महिन्यांवर असेल तर दरमहा ३ भाग बाजूला पडायला हवेत. तुम्ही माझं ऐकून १ टाकत राहिलात. ४ जमले, ८ कमी पडले. एकदा हा हप्ता भरून झाला की पुढे महिन्याला १ पुरतो. मी सुरुवात केली तेव्हा हाताशी थोडी शिल्लक होती, ती आधीच कप्प्यांत ओतली होती, म्हणून हा खड्डा मला दिसलाच नाही. शिल्लक नसेल तर सगळे कप्पे एकदम उघडू नका. तारखेने सर्वांत जवळचा मोठा खर्च कोणता ते बघा आणि तेवढाच कप्पा आधी भरा. वार्षिक हप्ता सहामाही करून मिळतो का, तेही विचारा. वर्षाचे मिळून थोडे जास्त जातात, पण कार्डाच्या व्याजापुढे ते बहुतेक वेळा स्वस्तच पडतं.

‘पैसा एकच’ हे हिशेबाने बरोबर आहे. माणूस मनातल्या मनात पैशाचे कप्पे कसे पाडतो, यावर अमेरिकी अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये लिहिलं. पुढे २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या कप्प्यांपायी माणसं कुठे फसतात, हेही त्यांनी दाखवलंय. आणि तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. सहलीच्या कप्प्यात पैसे पडून होते, त्यांना हात लावायचा नाही म्हणून तुम्ही हप्ता कार्डावर टाकलात. कार्डाचं व्याज महिन्याला ३ टक्के असेल तर चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या घरात जातं. अशा वेळी कप्प्याची भिंत बेलाशक पाडायची.

मग कप्पे हवेतच कशाला? माझ्या जुन्या वहीतलं एक पान सांगते. एका महिन्याची शिल्लक लिहून तिच्यापुढे मोठ्ठी बरोबरची खूण केली आहे. पुढच्याच पानावर लाल शाईत चार ओळी: गाडीचं काम, विमा, मुलीची फी, दंतवैद्य. चारही ओळींपुढे एकच शब्द, ‘अचानक’. आता बघितलं की हसू येतं. विम्याची तारीख वर्षभर आधी ठाऊक होती, फीची होती, गाडीचीही होती. खरी अचानक फक्त दाढ दुखली. आधीच्या पानावरची शिल्लक शिल्लक नव्हतीच, न भरलेली देणी होती ती. एकाच खात्यात सगळे पैसे असले की मला हे दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर कप्पे खुशाल बंद करा.

५०-३०-२० चा नियम तुम्ही सुचवलात. अमेरिकेतल्या तेव्हाच्या कायद्याच्या प्राध्यापक एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने २००५ मध्ये तो लोकांपुढे आणला. कर वजा जाऊन हाती येणाऱ्या पैशातले निम्मे गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला आणि कर्ज फेडायला. भाडं आणि कर्जाचे हप्तेच ६० टक्के खात असतील तर हा नियम नुसता रागावतो, पुढे काही सांगत नाही.

राहता राहिली धुसफूस. इथे मी तुमच्या घरच्यांच्या बाजूने आहे. आमच्याकडे मी वही उघडून “हे कशाचे?” असं विचारायचे. नवऱ्याने वाद घातला नाही, तो फक्त ‘इतर’ लिहायला लागला. तीन महिन्यांत ‘इतर’ हा घरातला सगळ्यात मोठा खर्च झाला! मग दोघांनाही ठरावीक हातखर्च लावून घेतला. वहीत त्याची एकच ओळ, आणि कशावर गेले ते कुणी कुणाला विचारायचं नाही. बाकीचं दोन महिने सगळं लिहिलं, नंतर फक्त जे खर्च खालीवर होतात तेवढेच.

मूळ लेखातलं ते १२ चं वाक्य खोडून खाली दुरुस्ती टाकली आहे. कार्डावरची ती रक्कम अजून फिटली नसेल, तर सहलीचा कप्पा आजच रिकामा करा. सहल पुढे गेली म्हणून घरचे बोलले, तर खुशाल माझं नाव सांगा.