टॉमी रमोन आणि ‘टिम’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक रॉक बँडचा ड्रमर आणि प्रोड्युसर टॉमी रमोन याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली, चार ओळींत उत्तर द्यायचं म्हणून बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी ती वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की मी टॉमीला उगाच डोक्यावर घेतलंय, रमोन्सच्या रेकॉर्ड्सचं खरं काम क्रेग लिऑन, टोनी बॉनजोव्ही आणि एड स्टेसियम या प्रोड्युसर-इंजिनियरांनी केलं, टॉमीला ड्रमवर एकच ठेका यायचा, आणि बाहेरच्या बँडचं मोठं काम हातात आलं तेव्हा, म्हणजे रिप्लेसमेंट्स या अमेरिकन रॉक बँडचा १९८५ चा ‘टिम’ हा अल्बम, त्याने त्याची माती केली आणि २०२३ च्या रिमिक्सने ते सिद्धही झालं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण तिथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. मूळ ‘टिम’ ऐकताना मलाही त्रास होतो. ड्रम्स शेजारच्या बंद खोलीत वाजतायत असं वाटतं, बास शोधावा लागतो, सगळ्यावर रिव्हर्बचा, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा, एक पातळ थर, आणि त्यातून गायक पॉल वेस्टरबर्गचा आवाज कसाबसा वाट काढत येतो. गाणी इतकी जबरदस्त आहेत की लोकांनी जवळपास चाळीस वर्षं ते चालवून घेतलं, पण मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्याचं काम, फसलाय हे खरंच आहे आणि माझ्या लेखात मी ते एका वाक्यात उरकलं ही माझी चूक.

पण ‘रिमिक्सने सिद्ध झालं’ यातून तुम्ही जे काढताय ते मला अजिबात पटत नाही. रिमिक्स म्हणजे पुन्हा रेकॉर्डिंग नव्हे ना! स्टेसियमने मूळ मल्टीट्रॅक, म्हणजे वाद्यं वेगवेगळी नोंदवलेल्या टेप्स, घेतले, प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा काढला आणि नव्याने जुळवला. २०२३ च्या व्हर्जनमध्ये ख्रिस मार्सचा जो ड्रम छातीवर येऊन आदळतो ना, तो १९८५ मध्ये मिनियापोलिसच्या निकोलेट स्टुडिओत वाजलेलाच ड्रम आहे, आणि तो टेपवर आला तेव्हा प्रोड्युसरच्या खुर्चीत टॉमी होता. जे टेपवर नसतंच ते कुठलाही रिमिक्स करणारा बाहेर काढू शकत नाही. माल उत्तम होता, फोडणी चुकली. आणि तो माल गोळा करणं काही सोपं नव्हतं हो, हा बँड दारू पिऊन स्वतःचाच कार्यक्रम उधळून लावण्यासाठी प्रसिद्ध होता, पहिल्यांदाच मोठ्या कंपनीसाठी म्हणजे सायरसाठी रेकॉर्ड करत होता, गिटारवाला बॉब स्टिन्सन तर जवळजवळ बाहेरच पडल्यासारखा होता आणि पुढच्या वर्षी खरंच गेला. अशा लोकांकडून ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’चा तो टेक आणि ‘हिअर कम्स अ रेग्युलर’चा तो एकटेपणा काढून घेणं, टेपवर जपणं, हे प्रोड्युसरचं काम नाही तर मग कोणाचं? त्यामुळे रिमिक्स ऐकल्यावर माझ्या मनात टॉमीबद्दलचा आदर उलट वाढला. मिक्सर म्हणून तो तिथे कमी पडला, पण समोरच्या बँडचं नेमकं काय पकडायचं हे त्याला कळलेलं होतं.

आणि तो रिमिक्स करणारा एड स्टेसियम कोण, तर टॉमीचाच जुना जोडीदार. ‘लीव्ह होम’ आणि ‘रॉकेट टू रशिया’ला तो इंजिनियर होता, १९७८ च्या ‘रोड टू रुइन’वर प्रोड्युसर म्हणून दोघांची नावं एकत्र आहेत. तुम्ही या दोघांना एकमेकांसमोर उभं करताय, मला ते एकाच कामाचे दोन हात वाटतात.

आता ‘एकच ठेका’ या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या मते टॉमी न समजण्याचं मूळ इथेच आहे.

टॉमी ड्रमर नव्हताच! रमोन्स १९७४ मध्ये सुरू झाले तेव्हा ड्रमवर जोई होता, गायला डी डी, आणि टॉमी मॅनेजरसारखा बाहेरून सगळं बघत होता. जोईला पुढे गायला आणल्यावर ड्रमर शोधायला सुरुवात झाली, बरेच जण येऊन वाजवून गेले, पण जो येईल तो त्या काळच्या हेवी रॉकच्या पद्धतीने सगळीकडे रोल आणि फिल, म्हणजे ठेक्याच्या मध्ये शोभेचे जादा ठोके, भरायचा. बँडला काय हवंय ते टॉमी प्रत्येकाला समजावून सांगत होता आणि शेवटी स्वतःच बसला. म्हणजे तो ड्रमवर बसला तेच मुळी रेकॉर्ड कसा ऐकू यायला हवा हे डोक्यात पक्कं होतं म्हणून. याला मी प्रोडक्शनच म्हणतो, फक्त काठ्या हातात घेऊन केलेलं.

आणि तो ‘एकच ठेका’ सोपा आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा वाजवून बघावा. ‘ब्लिट्झक्रीग बॉप’चा वेग मिनिटाला १७५ बीट्सच्या आसपास आहे आणि हाय-हॅटवर (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीवर) प्रत्येक बीटला दोन ठोके, म्हणजे उजवा हात मिनिटाला साडेतीनशेच्या घरात ठोके मारतोय. गाणं दोन मिनिटं आणि वर काही सेकंदांचं आहे. मी कॉलेजात असताना मित्राच्या ड्रमसेटवर हा प्रयत्न केलाय, दीड मिनिटात मनगट आखडलं आणि वेग खाली आला. टॉमी ते न थांबता, न पळता, कुठेही शोभेचं काही न घालता करतो, कारण समोर जॉनी गिटारवर सगळे स्ट्रोक वरून खालीच मारतोय आणि त्या दोघांचे ठोके एकमेकांवर तंतोतंत बसले तरच ती आवाजाची भिंत उभी राहते. एक जरी फिल मध्ये घातला तर तिला भोक पडतं. त्याने काय वाजवलं नाही हे ऐकायला शिकलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नावांचं म्हणाल तर पहिल्या अल्बमवर, १९७६, प्रोड्युसर क्रेग लिऑनच आहे आणि त्याचं श्रेय मी कुठेच नाकारलेलं नाही. पण त्याच कव्हरवर असोसिएट प्रोड्युसर म्हणून टॉमीचं नाव आहे, त्याच्या खऱ्या आडनावाने, एर्डेई. पुढच्या दोन्हीवर बॉनजोव्हीबरोबर टॉमी, चौथ्यावर स्टेसियमबरोबर टॉमी. बाकी नावं बदलत गेली आणि हे एक कायम राहिलं, एवढं तरी बघाल की नाही. शिवाय स्टुडिओ त्याला बँडच्या आधीपासून माहीत होता, न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये तो असिस्टंट इंजिनियर होता आणि जिमी हेंड्रिक्सच्या ‘बँड ऑफ जिप्सीज’वर त्याने काम केलंय. पहिला अल्बम आठवड्याभरात, ६४०० डॉलर्समध्ये झाला, एका बाजूला बास आणि दुसऱ्या बाजूला गिटार अशी जुन्या बीटल्स रेकॉर्ड्ससारखी मांडणी, आणि चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. शिवाय ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ मुख्यतः टॉमीनेच लिहिलंय, हे लोक विसरतात.

१९७८ ला त्याने ड्रम सोडले, कारण गाडीत बसून गावोगाव फिरणं त्याला सोसेना, स्टुडिओत मात्र तो राहिलाच. ‘रोड टू रुइन’वर ड्रम नव्या ड्रमरचे, मार्कीचे आहेत आणि मागे ऐकणारे कान टॉमीचे. मग १९८० च्या अल्बमला प्रोड्युसर म्हणून फिल स्पेक्टर आला. खर्च दोन लाख डॉलर्सच्या घरात गेला, एका गाण्याच्या सुरुवातीच्या कॉर्डसाठी जॉनीला तासन् तास तेच तेच वाजवायला लावलं, अल्बम अमेरिकेत ४४ व्या नंबरपर्यंत गेला जो त्यांचा सगळ्यात वरचा नंबर ठरला, आणि तरीही बँडचा आवाज त्यात हरवला असं मला वाटतं. त्यानंतर अजून दोन अल्बम वेगवेगळ्या प्रोड्युसरांबरोबर. आणि १९८४ मध्ये, परत ताकदीचं काहीतरी करायचं म्हणून, बँडने कोणाला बोलावलं? टॉमीला आणि स्टेसियमला. त्यातून ‘टू टफ टू डाय’ झाला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे टॉमीचं काम नावापुरतं असतं तर सहा वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेल्या माणसाला, ड्रमसाठी नव्हे, फक्त त्या खुर्चीसाठी, परत का बोलावलं असतं? जॉनी भावनेपोटी असले निर्णय घेणारा माणूस नव्हता.

तुम्ही असंही लिहिलंय की मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच बोलतात. टॉमीबद्दल मात्र लोक बोलायचेच विसरलेत म्हणून मी लिहिलं. १९४९ मध्ये बुडापेस्टला जन्मलेला, ज्यू कुटुंबातला, बरेच नातेवाईक नाझींनी मारलेले, लहानपणी अमेरिकेत येऊन क्वीन्समध्ये वाढलेला हा माणूस, शेवटची काही वर्षं क्लॉडिया टिनानबरोबर ‘अंकल मंक’ नावाने मँडोलिन आणि बँजो घेऊन ब्लूग्रास वाजवत होता. रमोन्सच्या पहिल्या अल्बमला अमेरिकेत गोल्ड हा विक्रीचा मान मिळाला तो २०१४ च्या एप्रिलमध्ये, तब्बल ३८ वर्षांनी. जोई, डी डी, जॉनी तिघंही तोवर गेलेले होते. टॉमी तेवढा होता, आणि जुलैमध्ये तोही गेला.

‘टिम’वाला परिच्छेद मी आज बदलतोय, मिक्स फसल्याचं त्यात स्पष्ट लिहितोय आणि तुम्ही लक्षात आणून दिलंत हेही लिहितोय. तुम्ही एक करा, ‘लेफ्ट ऑफ द डायल’ आधी १९८५ चं आणि लगेच २०२३ चं असं लागोपाठ ऐका, हेडफोन लावून, लक्ष फक्त स्नेअरकडे, म्हणजे त्या कडक वाजणाऱ्या ड्रमकडे ठेवून. मग तो ठोका टेपवर कधीपासून होता ते इथेच खाली लिहा, मी वाट बघतोय.