इकोस्पोर्ट विकायची आहे ना? मग एवढं कराच

तुमची फोर्ड इकोस्पोर्ट उत्तम चालते आहे. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, एसी गार आहे, गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या धुक्यातून तिने तुम्हाला सुखरूप कोकणात उतरवलं. म्हणजे ती विकायची वेळ झालीच. बंद पडलेली गाडी काय, कुणीही विकतं. धडधाकट, लाडकी गाडी काढून तिच्या जागी कमी आवडणारी गाडी दुप्पट पैशांत आणायची, याला मात्र अभ्यास लागतो. तो आपण आता करू.

सगळ्यात आधी भीती नीट मुरली पाहिजे. भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये जाहीर केलं, तेव्हापासून लिफ्टमध्ये, लग्नात, सुतकात तुम्हाला एकच प्रश्न विचारला जातो : "पार्ट मिळतात का हो?" मिळतात, असं उत्तर चुकूनही देऊ नका. परवाच ब्रेकपॅड बदलले, ते दुपारपर्यंत हातात आले, हे खरं असलं तरी बोलायचं नाही. विचारणाऱ्याचा विरस होतो. "मिळतात तसे…" एवढं म्हणून सुस्कारा सोडा. चार-सहा जणांसमोर सुस्कारे सोडले की तुमचं तुम्हालाच पटायला लागेल.

तरीही भीती कमी पडली तर दिल्लीहून मागवा. दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये आदेश दिला होता. पुढे त्याचं कोर्टात काय काय झालं ते वाचत बसू नका, त्याने भीती पातळ होते. तुमची गाडी एमएच-१४ची आहे, ती आयुष्यात नर्मदा ओलांडणार नाही, आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, हरित कर भरून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते, हे तपशील आरटीओच्या एजंटला माहीत असले तरी पुरे.

दुसरी पायरी अवघड आहे : ही गाडी तुम्हाला का आवडली होती, ते विसरायचं. २०१३च्या जूनमध्ये ५ लाख ५९ हजारांच्या सुरुवातीच्या किमतीला ती आली, तेव्हा चार मीटरच्या आत उंच बांध्याची गाडी ही जवळजवळ नवलाई होती. (त्याआधी आमच्या चिंचवडची प्रीमियर रिओ आली होती, पण ती चिंचवडलाही आठवत नाही.) लोकांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली. पाठीला दप्तर अडकवलेल्या पोरासारखी स्टेपनी घेऊन ही गाडी गल्लीबोळातून धावू लागली. जमिनीपासून २०० मिलिमीटर उंची, ५५० मिलिमीटरपर्यंतच्या पाण्यातून जाण्याची तयारी, वरच्या मॉडेलमध्ये २०१३मध्येच सहा एअरबॅग. डिझेलला तर असा जोर होता की खंबाटकी घाटात तिसरा गिअर टाकून गप्पा मारता येत. स्टिअरिंग तर असं की वळणावर रस्ता हाताला कळायचा. डिक्कीचं दार बाजूला उघडायचं, त्यामुळे मागे कुणी चिकटून गाडी लावली की भाजीची पिशवी मागच्या सीटवरून डिक्कीत टाकावी लागे. पण त्याचीही तुम्हाला सवय, सवय कसली, माया जडली होती. हे सगळं आता पुसून टाका. कारण नवी गाडी निवडताना यातल्या एकाही गोष्टीबद्दल तुम्हाला कुणी विचारणार नाही, आणि तुम्ही स्वतःहून काढलीत तर शोरूममधला मुलगा तुमच्याकडे सहानुभूतीने बघेल.

आता सल्ला. तो अशाच माणसांकडून घ्यावा ज्यांना ती गाडी कधी चालवावी लागणार नाही. सासरे सांगतील, मारुतीच घ्या, गावोगाव मेकॅनिक मिळतो. (तुम्ही वर्षातून एकदा गावी जाता आणि तिथला मेकॅनिक फक्त ट्रॅक्टर बघतो, हे मनात ठेवा.) मेहुणा पार्किंगमधल्या टाटाच्या दारावर बोटाने टकटक करून दाखवेल आणि म्हणेल, "पत्रा ऐका." ऑफिसातला एक जण कोरियन गाडीच्या थंड हवेच्या सीटबद्दल बोलताना हळवा होईल. आणि एक जण म्हणेल, "थांबा, सहा महिन्यांत इलेक्ट्रिक स्वस्त होतायत." तो हे २०१९पासून म्हणतो आहे आणि अजून बसने येतो. टाटाची नेक्सॉन घ्यायचं ठरलंच तर पाहुण्यांना सांगायला एक छान मुद्दा आहे : फोर्डचा साणंदचा कारखाना टाटांनी घेतला, म्हणजे घराणं तेच. इकोस्पोर्ट साणंदला नव्हे, चेन्नईजवळ मरैमलैनगरला बनत होती, पण मेहुण्याला एवढं कुठे माहीत असतं? शिवाय नेक्सॉन रांजणगावची, स्कोडा कायलाक चाकणची, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ नाशिकची. तेव्हा जिल्ह्याचा अभिमान जागा करूनही निवड करता येते. आजवर याहून वाईट निकषांवर लग्नं जमली आहेत.

फक्त एका व्यक्तीला विचारायचं नाही. ही गाडी रोज चालवतं कोण? तुमची बायको. मुलाला शाळेत सोडून ती तशीच शिवाजीनगरला ऑफिसात जाते. तुम्ही गाडी चालवता ती मुख्यतः रविवारी, आणि तेव्हाही धुऊन आणण्यापुरती. तिला विचारलंत तर ती म्हणेल, "मला बॉनेटचा कोपरा दिसला पाहिजे, आणि एसीचं बटण न बघता हाताला लागलं पाहिजे." असल्या मागण्यांना ब्रोशरमध्ये रकाना नसतो. तेव्हा तिला रंग निवडू द्या. पांढराच घ्यायचा हे तुम्ही आधी ठरवून ठेवा.

मग लांबी मोजायला घ्या. नेक्सॉन ३९९५ मिलिमीटर. ब्रेझा ३९९५. व्हेन्यू ३९९५. सोनेट ३९९५. कायलाकसुद्धा ३९९५. चार देशांच्या इंजिनिअरांना एकाच स्वप्नात एकच आकडा दिसला, असं समजू नका. तो दाखवला अर्थ मंत्रालयाने. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या झाली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून आपल्याकडे गाडी आधी टेपने मोजतात आणि उरलेल्या जागेत माणसं बसवतात. २२ सप्टेंबर २०२५पासून या छोट्यांना १८ टक्के जीएसटी आणि बाकीच्यांना ४० टक्के. ब्रेझाची गंमत अशी की लांबीने ती छोटी, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणजे कर मोठ्यांचा. यावर सोसायटीच्या बाकावर दोन संध्याकाळी सहज निघतात. डिझेल घेणार असाल तर तुम्हाला राज्य सरकारचंही प्रेम मिळेल : दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १३. मारुतीने तर एप्रिल २०२०पासून डिझेलला हातच जोडले. तुम्हाला घाटात ज्या जोराची चटक लागली आहे तो जोर आता मोजक्याच गाड्यांत मिळतो, म्हणून त्या सोडून बाकीच्या बघा.

फीचर्सकडे येऊ, कारण खरी गाडी तीच असते. सनरूफ पाहिजेच. मे महिन्यात विदर्भात ४५ अंश तापमान असताना डोक्यावर काच असण्याचा आनंद आपल्या पूर्वजांना मिळाला नाही. पहिल्या रविवारी मुलाला त्यातून बाहेर उभं करून व्हिडिओ काढायचा (हे करू नये, असं काही अरसिक पोलीस म्हणतात), आणि मग पडदा ओढून घ्यायचा तो गाडी विकेपर्यंत. स्क्रीन किमान दहा इंचांची हवी. एसी कमी करायला पूर्वी बोट पुरायचं. आता रस्त्यावरून नजर काढावी लागते, आणि त्यासाठीच पुढची मोटार थांबली तर ब्रेक लावणारी यंत्रणा त्याच गाडीत दिलेली असते. बघा किती विचार केलाय. लेन सोडली की स्टिअरिंग थरथरवणारी सोयही घ्या. आपल्याकडच्या रस्त्यांवर आधी लेन शोधावी लागते, त्यामुळे ती यंत्रणा बहुतेक वेळ विश्रांती घेते आणि बॅटरी वाचते.

सुरक्षेबद्दल जागरूक राहा. डिसेंबर २०१८मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच. ऑक्टोबर २०२३पासून आपलं भारत एनकॅपही सुरू झालं. आता पाच ताऱ्यांशिवाय गाडीत पाय ठेवू नका. तारे मोजून झाले की बेल्टचा 'टुंग टुंग' आवाज बंद करणारी क्लिप लावा, एअरबॅगच्या झाकणावर गणपती चिकटवा, आणि नातवाला पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर बसवा. आजीला सांगा, गाडी पाच तारे आहे.

मॉडेलची निवड हा वेगळाच योग आहे. पूर्वी बेस, मधलं आणि टॉप असायचं. आता एकाच गाडीच्या यादीत प्लस, प्लस एस, ओ, प्रो, एल अशी अक्षरं येतात आणि वाचताना नेत्रतज्ज्ञाकडे बसल्यासारखं वाटतं. जाहिरातीतली किंमत पहिल्या ओळीची, जाहिरातीतली गाडी शेवटच्या ओळीची. मधल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवा. तुम्हाला हवी असलेली एकच गोष्ट तिच्या पुढच्या ओळीत असेल. मागच्या काचेचा वायपर हवा? मग सनरूफ, थंड सीट आणि पंधरा रंगांचे दिवे सोबत घ्यावे लागतील. आठ लाखांची गाडी बघायला गेलेला माणूस साडेतेराच्या कोटेशनवर सही करतो आणि घरी येऊन "हप्त्यात काही फरक पडत नाही," असं सांगतो. सात वर्षांच्या कर्जात खरोखरच पडत नाही. सातव्या वर्षी पडतो.

टेस्ट ड्राइव्ह जरूर घ्या, पण शिस्तीत. शोरूमपासून पुढच्या सिग्नलला वळसा, परत. शेजारी एक्झिक्युटिव्ह, मागे त्याचा ट्रेनी, एसी फुल, गाणी मोठ्याने, जेणेकरून इंजिन आणि सस्पेन्शन यांना मध्ये बोलता येणार नाही. कात्रजचा जुना घाट चढून बघू, असं म्हणू नका. तुमच्या सोसायटीच्या तोंडाशी बिल्डरने बांधलेला स्पीडब्रेकर पाच माणसं बसवून ओलांडू, असंही नको. ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा सांगितला की भरलेल्या, हा प्रश्न तर असभ्यच. क्लच जड वाटला तर "सवय होईल सर" हे उत्तर मिळेल, गाडी मऊ लोळत वळली तर "कम्फर्ट ट्यून केलाय सर." दोन्ही लिहून घ्या, पुढे घरी सांगायला उपयोगी पडतात.

आता एक्सचेंज. तुमची इकोस्पोर्ट बघायला एक मुलगा येईल. तो रंगाची जाडी मोजायचं यंत्र गाडीवरून फिरवेल, बॉनेट उघडून मान हलवेल, आणि "कंपनीच गेली ना सर" असं हळू आवाजात म्हणेल. मग आकडा सांगेल. तो ऐकून तुम्हाला बसावंसं वाटेल. बसा, तोवर चहा येतो. बाहेर गिऱ्हाईक शोधू नका. हीच डिझेल इकोस्पोर्ट शोधत फिरणारी तरणी पोरं तुमच्याच शहरात आहेत आणि ती सर्व्हिसची बिलं बघून बरे पैसे देतात, पण त्यांच्याशी बोलायचं तर त्यांना गाडी चालवायला द्यावी लागेल. ती चालवताना त्यांचा चेहरा तुम्ही बघितलात तर सगळा बेत फिसकटेल.

विमा शोरूमचाच घ्या. जुन्या विम्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, गाडीचा नसून मालकाचा असतो, वर्षानुवर्षं क्लेम केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि पत्र घेऊन नव्या गाडीला लावता येतो, हे कुणी स्वतःहून सांगत नाही. तुम्हीही विचारू नका, उगाच त्यांचा हिशेब बिघडतो. फास्टॅगही जुन्या गाडीवर तसाच राहू द्या. नवा मालक टोलनाक्यावर तुमचं नाव घेईल.

डिलिव्हरी दसऱ्याची घ्या, म्हणजे आणखी चाळीस कुटुंबं तुमच्याबरोबर नारळ घेऊन रांगेत असतील. झाकण ओढा, पुठ्ठ्याची मोठी किल्ली धरा, चाकाखाली लिंबं ठेवा, फोटोत हसा.

पुढच्या आठवड्यात मेहुणा येईल आणि ॲव्हरेज विचारेल. स्क्रीनवर बारा दिसत असले तरी अठरा सांगा. टाकी फुल करून मोजलं का, असं त्याने खोदून विचारलं तर विषय बदलून सनरूफ उघडून दाखवा. आणि "चल, एक चक्कर मारू," म्हणाला तर चावी बायकोकडे आहे, ती गाडी घेऊन ऑफिसला गेली आहे, असं सांगा. फक्त तो पार्किंगमध्ये उतरणार नाही, याची काळजी घ्या. गाडी तिथेच असते. बायको हल्ली मेट्रोने जाते.